सेरेंगेटीचा जर्मन कैवारी

टांझानियातील सेरेंगेटीच्या माळरानावर सिंह, झेब्रे आणि लाखो विल्डबीस्ट यांचे जे जग दूरचित्रवाणीच्या पडद्यावर घरोघरी परिचित झाले, त्यामागे एका जर्मन पशुवैद्याची चिकाटी होती. त्याचे नाव बर्नहार्ड ग्झिमेक. 24 एप्रिल 1909 रोजी सायलेशियातील नाइसे या गावी त्यांचा जन्म झाला. हे गाव आता पोलंडमध्ये आहे. वडील वकील होते, परंतु बर्नहार्ड तीन वर्षांचे असतानाच त्यांचे छत्र हरपले. लाइपझिग आणि बर्लिन येथे पशुवैद्यकाचे शिक्षण पूर्ण करून त्यांनी सरकारी नोकरी पत्करली. कोंबड्यांचे रोग आणि अंड्यांची प्रतवारी हे त्यांचे काम होते. आफ्रिकेचा त्यात मागमूसही नव्हता.

त्याच काळात, 1937 मध्ये, ते नाझी पक्षाचे सदस्य झाले. पुढे आयुष्यभर त्यांनी ही गोष्ट नाकारली. युद्धानंतर अमेरिकी अधिकाऱ्यांनी त्यांची चौकशी केली आणि काही काळ त्यांना पदावरून दूरही व्हावे लागले. त्यांच्या चाहत्यांनी लिहिलेल्या चरित्रलेखांत हा भाग बहुधा एका ओळीत आटोपलेला असतो. परंतु तो गाळून ग्झिमेक समजणार नाहीत. सत्तेपुढे लवचिक राहायचे आणि आपले काम मात्र रेटून न्यायचे, हा त्यांचा स्वभाव होता. त्याचा पुढे वन्यप्राण्यांना फायदा झाला, हेही तितकेच खरे.

1945 मध्ये फ्रँकफर्टच्या प्राणिसंग्रहालयाची सूत्रे त्यांच्या हाती आली, तेव्हा संग्रहालय म्हणावे असे तेथे फारसे काही उरले नव्हते. बॉम्बवर्षावात इमारती कोसळल्या होत्या आणि मोजकेच प्राणी जिवंत होते. ही जागा कायमची मोकळी करावी, असा विचार नगर प्रशासनात सुरू होता. ग्झिमेक यांनी त्याच वर्षी जुलैमध्ये दरवाजे उघडले. दाखवायला प्राणी नव्हते, म्हणून त्यांनी आवारात चक्क जत्रा भरवली! पाळणे, डोंबाऱ्यांचे खेळ, संगीताचे जलसे असे सारे तेथे होऊ लागले. उपासमारीच्या त्या दिवसांत लोक तिकीट काढून येत राहिले आणि संग्रहालय जगले. 1974 पर्यंत ते त्याचे संचालक होते.

प्राणी आणण्यासाठी त्यांच्या आफ्रिकेच्या वाऱ्या सुरू झाल्या आणि तेथेच त्यांची दृष्टी पालटली. ज्या वेगाने जंगल मागे हटत होते, तो पाहून पिंजऱ्यापेक्षा माळरान महत्त्वाचे वाटू लागले. आफ्रिकेतील वन्यप्राण्यांना जागा उरली नाही, असे सांगणारे पुस्तक त्यांनी लिहिले आणि 1956 मध्ये मुलगा मिखाएल याच्यासह त्यावर चित्रपट काढला. चित्रपटाला चांगले उत्पन्न मिळाले. त्या पैशातून सेरेंगेटीलगतची जमीन विकत घेऊन ती प्राण्यांसाठी राखावी, असा पिता-पुत्रांचा बेत होता. टांगानिका तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात होता. तेथील राष्ट्रीय उद्यानांचे संचालक पीटर मॉलॉय यांनी त्यांना वेगळाच सल्ला दिला. 1951 मध्ये स्थापन झालेल्या या उद्यानाच्या सीमा नव्याने आखण्याचे घाटत होते. प्राणी किती आहेत आणि ते वर्षभरात कोठून कोठे जातात, हेच कोणाला नेमके ठाऊक नव्हते. तेव्हा जमिनीऐवजी आधी प्राणी मोजावेत, असे मॉलॉय यांचे म्हणणे होते.

बाप-लेक दोघेही विमान चालवायला शिकले. डॉर्निअर 27 जातीचे एक छोटे विमान त्यांनी घेतले आणि त्यावर झेब्र्यासारखे काळे-पांढरे पट्टे रंगवले. हे विमान अगदी संथ उडू शकत असे आणि थोड्याशा मोकळ्या जागेत उतरत असे. डिसेंबर 1957 मध्ये ते फ्रँकफर्टहून हजारो किलोमीटरचा प्रवास करून आफ्रिकेला निघाले. माळरानाचे विभाग पाडून, त्यावर समांतर पट्ट्यांत कमी उंचीवरून घिरट्या घालत त्यांनी मोजणी केली. आकडा निघाला 3,66,980. त्यांत विल्डबीस्ट 99,481 होते. पूर्वी केलेल्या अंदाजांपेक्षा ही संख्या फार कमी होती. एवढ्या मोठ्या कळपांच्या मोजणीत शेवटच्या एककापर्यंत अचूकता असू शकत नाही, हे उघड आहे. पण अंदाजाऐवजी मोजणी, ही पद्धत तेथे रुजली ती या उड्डाणांमुळे. कळपांच्या स्थलांतराचा नकाशा त्याहून मोलाचा होता. पावसाळ्यात विल्डबीस्ट ज्या पूर्वेकडील गवताळ मैदानांवर येतात, त्यातला मोठा भाग नव्या सीमेबाहेर जाणार होता.

काम संपत आले असताना घात झाला. 10 जानेवारी 1959 रोजी मिखाएल एकटाच विमान घेऊन निघाला होता. वाटेत एक गिधाड पंखावर आदळले आणि विमान कोसळले. तो अवघ्या चोवीस वर्षांचा होता. न्गोरोन्गोरो विवराच्या काठावर त्याला पुरण्यात आले. सेरेंगेटी मरता कामा नये, या आशयाच्या नावाचा त्यांचा चित्रपट बापाने एकट्याने पुरा केला. 1960 मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट माहितीपटाचे ऑस्कर मिळाले.

सीमांचा निर्णय मात्र त्यांच्या मनासारखा झाला नाही. 1959 मध्ये न्गोरोन्गोरो उद्यानातून वेगळे काढण्यात आले आणि सेरेंगेटीत राहणाऱ्या मसाई पशुपालकांना तेथे हलवण्यात आले. ग्झिमेक यांचा आक्षेप होता तो न्गोरोन्गोरो तोडण्याला. मसाईंनी उद्यानाबाहेर जावे, हे त्यांना मान्यच होते. राष्ट्रीय उद्यानात माणूस नको, मग तो तेथील रहिवासी का असेना, असे ते मानत. त्यांच्या कार्यातील हा सर्वांत कच्चा दुवा म्हणावा लागेल. त्यांनी मोजलेले विल्डबीस्ट कमी भरले, त्याचे एक मोठे कारण होते बुळकांडी. 1960च्या दशकात आसपासच्या गुरांना लस टोचल्यावर हा रोग हटला आणि 1977 पर्यंत विल्डबीस्टची संख्या तेरा लाखांच्या घरात गेली. मसाईंची गुरे निरोगी झाली, तेव्हा माळरानावरचे कळपही वाढले.

स्वातंत्र्यानंतर टांगानिकाचे नवे सरकार उद्याने मोडीत काढील, अशी भीती अनेक गोऱ्यांना वाटत होती. ग्झिमेक यांनी रडगाणे गायिले नाही. त्यांनी ज्युलियस न्येरेरे यांच्याशी संधान बांधले आणि प्राणी पाहायला येणारे प्रवासी देशाला परकीय चलन मिळवून देतील, हे पटवले. प्रवासी आणण्याची त्यांची युक्ती मोठी नामी होती. 1956 पासून जर्मन दूरचित्रवाणीवर त्यांचा प्राण्यांविषयीचा कार्यक्रम चालू होता. खांद्यावर माकड किंवा टेबलावर चित्ता घेऊन ते संथ, अनुनासिक आवाजात बोलत. त्यात त्यांनी पूर्व आफ्रिकेच्या स्वस्त सहली निघत असल्याचे सांगून टाकले. अशी सहल तेव्हा अस्तित्वातच नव्हती! प्रेक्षकांच्या चौकशांनी हैराण झालेल्या प्रवासी कंपन्यांना ती काढावी लागली. खोटे बोलून खरे करण्याचा असा प्रकार विरळाच.

मिखाएलच्या स्मरणार्थ उभारलेल्या प्रयोगशाळेतून पुढे सेरेंगेटी संशोधन संस्था वाढली. कान्हाच्या वाघांचा अभ्यास करून आलेले जॉर्ज शॅलर 1966 मध्ये तेथेच सिंहांच्या मागावर राहिले. सेरेंगेटीच्या सिंहांचा तेव्हा सुरू झालेला अभ्यास पुढे अनेक दशके चालला. फ्रँकफर्ट प्राणिशास्त्र संस्थेसाठी ग्झिमेक दूरचित्रवाणीवरून देणग्या मागत आणि त्यातून उद्यानाला विमाने, गाड्या आणि रक्षकांसाठी साहित्य मिळत राहिले. मायदेशी विली ब्रँट यांच्या काळात ते सरकारचे निसर्गसंरक्षण आयुक्त झाले, पण अधिकार नाममात्र असल्याचे पाहून 1973 मध्ये पायउतार झाले.

13 मार्च 1987 रोजी फ्रँकफर्टमध्ये सर्कशीतील वाघांचा खेळ पाहताना खुर्चीतच त्यांचे निधन झाले. अस्थी न्गोरोन्गोरोला नेऊन मिखाएलच्या शेजारी ठेवण्यात आल्या. विवराच्या काठावर दगडांचा एक पिरॅमिड दोघांची खूण म्हणून उभा आहे. ज्या भूमीवर तो उभा आहे, तेथे 1959 मध्ये मसाईंना वस्तीचा हक्क देण्यात आला होता. 2022 पासून टांझानिया सरकारने त्यांच्यापैकी अनेक कुटुंबांना तेथून हलवून दूर हांडेनी जिल्ह्यातील म्सोमेरा येथे वसवण्यास सुरुवात केली आणि कारण दिले ते पुन्हा संवर्धनाचेच.