तिनं दुरुस्त केलेला नकाशा

मैत्रिणींनो, नवरा गेल्यावर बाईनं काय करायचं, हे बहुधा इतरच ठरवतात. मीना हबर्डनं ते स्वतः ठरवलं, म्हणून तिची गोष्ट मला फार आवडते.

मीनाचा जन्म १८७० चा, कॅनडातल्या शेतकरी घरातला. आधी ती शाळेत शिकवायची, मग न्यूयॉर्कला जाऊन नर्स झाली. १९०१ मध्ये लिओनिडस हबर्ड या पत्रकाराशी तिचं लग्न झालं. दोनच वर्षांनी तो कॅनडाच्या ईशान्येला, लॅब्राडोरच्या रानात मोहिमेवर गेला. दलदल, तळी, डास आणि लांबलचक हिवाळा असा तो मुलूख! जवळच्या नकाशात ग्रँड लेकला मिळणारी एकच नदी दाखवली होती. प्रत्यक्षात तिथं अनेक होत्या. खरी नास्कौपी नदी चुकली आणि तो भलत्याच उथळ प्रवाहात शिरला. ऑक्टोबर १९०३ मध्ये तो तंबूत उपासमारीनं गेला.

त्याचा सोबती डिलन वॉलेस यानं १९०५ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यात नवऱ्याला कमी लेखलंय, असं मीनाला वाटलं. वॉलेस पुन्हा तीच वाट धरतोय म्हटल्यावर हीसुद्धा निघाली. विधवा बाई चार परपुरुषांबरोबर रानात! त्या काळात केवढी चर्चा झाली असेल! पण तिच्या नवऱ्यासाठी मदत आणायला धावलेला जॉर्ज एल्सन तिच्याबरोबर होता. त्याच्यावर तिचा पूर्ण भरवसा होता.

२७ जून १९०५ ला दोन नावा निघाल्या. वल्ही मारणं, ओझी वाहणं पुरुषांचं. मोजमाप आणि नोंदी मीनाच्या. भरदुपारी सेक्स्टंट या यंत्रानं सूर्याची उंची मोजून ती अक्षांश काढायची. ५७६ मैल, म्हणजे सव्वानऊशे किलोमीटर पार करून ती ऑगस्टअखेर उंगावा उपसागराशी पोचली. वॉलेस आला तो दीडेक महिन्यानं!

तिथल्या इन्नू लोकांना ते पाणी पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. कागदावर मात्र नव्हतं. मीनानं नास्कौपी आणि जॉर्ज या नद्या नकाशावर नीट मांडल्या. अमेरिकेच्या भौगोलिक संस्थेनं तो नकाशा मान्य केला. १९०८ मध्ये तिचं पुस्तक आलं. पुढे विमानातून फोटो काढून बारीक नकाशे झाले, पण ते बरंच नंतर.

१९५६ मध्ये, ८६ व्या वर्षी, ती इंग्लंडमध्ये वारली. निघाली होती नवऱ्याच्या नावासाठी. त्या नकाशामुळे तिचं स्वतःचं नावही राहिलं. आपल्यातल्या किती जणी दुःख गिळून घरातच बसतात! त्यांना ही मीना जरूर सांगा.