डोळे अधू झाले, शाळा थांबली. पण मिरजेनं वाट काढून दिली
21 ऑगस्ट : पंडित विष्णु दिगंबर पलूसकर पुण्यतिथी विशेष

मिरज : आपल्या गावातली पोरं गाण्याच्या, तबल्याच्या, पेटीच्या परीक्षा देतात. प्रारंभिक झाली, प्रवेशिका झाली, मध्यमा झाली असं आपण ऐकतो. या परीक्षा घेणाऱ्या गांधर्व महाविद्यालय मंडळाचं मूळ ज्या माणसापाशी जातं, त्याची स्वतःची शाळा मात्र लहानपणीच बंद पडली होती. कारण डोळे. तो माणूस म्हणजे पंडित विष्णु दिगंबर पलूसकर. आडनावावरनं लक्षात आलंच असेल, हे घराणं मूळचं आपल्या पलूसचं. खरं आडनाव गाडगीळ, पण पलूसचे म्हणून पलूसकर झाले.

विष्णूचा जन्म 18 ऑगस्ट 1872 रोजी कुरुंदवाडला झाला. वडील दिगंबरपंत कीर्तनकार. घरात टाळ, अभंग, आख्यान रोजचंच. पोरगं वडिलांच्या मागं उभं राहून सूर धरायचं. शाळेतही जात होतं. चार बुकं शिकून कुठंतरी चांगल्या कामाला लागेल, अशी आईबापाची साधी अपेक्षा.

दत्तजयंतीचा तो दिवस

कुरुंदवाडच्या शेजारीच नरसोबाची वाडी. तिथं दत्तजयंतीच्या उत्सवात दारूकाम चाललं होतं. एक फटाका विष्णूच्या तोंडाजवळच फुटला आणि डोळ्यांना जबर इजा झाली. त्या काळात गावात तातडीचा इलाज कुठला? नजर गेली ती गेलीच. पुढे उपचारांनी थोडीफार सुधारली, पण पाटी-पुस्तकाची शाळा सुटली ती कायमची.

इथंच ही गोष्ट संपली असती. त्या काळात अशी कितीतरी मुलं घरात बसली आणि त्यांची नावंही कुणाला कळली नाहीत. विष्णूचं तसं झालं नाही, कारण डोळ्यांच्या उपचारासाठी त्याला मिरजेला आणलं. तिथले डॉक्टर भडभडे यांनी पोराचे डोळे तपासले, तसा त्याचा गळाही ऐकला. हा मुलगा गाणं शिकू शकेल, हे त्यांनी ओळखलं आणि मिरजेचे अधिपती बाळासाहेब पटवर्धन यांच्या कानावर घातलं.

सोय म्हणजे काय, ते मिरजेनं दाखवलं

बाळासाहेबांनी नुसती कीव केली नाही. पोराची राहण्याजेवणाची सोय लावली आणि शिकवायला गुरू दिला तोही साधासुधा नाही. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर तेव्हा मिरज दरबारात होते. त्यांच्यापुढं विष्णू बसला.

बुवांचं शिकवणं सगळं तोंडी. गुरूनं म्हणायचं, शिष्यानं ऐकायचं आणि गळ्यात उतरेपर्यंत घोटायचं. पुस्तक नाही, फळा नाही. म्हणजे ज्या कामाला डोळे लागत होते ते बाजूला पडलं आणि कान-गळ्याची वाट मोकळी झाली. वर्षानुवर्षं पहाटेपासून रियाज चालायचा. मेहनत विष्णूचीच होती, पण ती करायला जागा, अन्न आणि शिकवणारा माणूस दुसऱ्यांनी दिला.

1896 साली त्यांनी मिरज सोडली. गावातल्या एका समारंभाला त्यांना आमंत्रण आलं, पण गुरूंना गवई म्हणून वगळलं, आणि ते मनाला फार लागलं असं सांगतात. गवयाला समाजात मान मिळवून द्यायचा, ही खूणगाठ तेव्हाच बांधली. औंध, सातारा, बडोदा करत ते उत्तरेकडं गेले.

लाहोरात शाळा

5 मे 1901 रोजी लाहोरात त्यांनी गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. राजाच्या पैशावर नाही, तर लोकांच्या वर्गणीवर आणि मैफलींच्या उत्पन्नावर. होतकरू मुलांना तिथं राहणं, जेवण, शिक्षण मिळायचं आणि तयार झाल्यावर त्यांनी दुसऱ्यांना शिकवायचं. बायकांसाठीही वर्ग काढले. स्वतः तोंडी शिकलेल्या या माणसानं गाणं कागदावर लिहायची पद्धत बसवली आणि पुस्तकं छापली. का? गुरूच्या दारात दहा-बारा वर्षं बसणं ज्याला जमत नाही, त्यालाही शिकता यावं म्हणून.

1908 ला मुंबईत शाळा निघाली. मोठी इमारत बांधली, पण कर्ज डोक्यावर बसलं आणि अखेर तिचा लिलाव झाला. तरी ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, बी. आर. देवधर, नारायणराव व्यास असे शिष्य तयार झाले होते. गांधीजींच्या प्रार्थनेतल्या रामधुनीची चालही पलूसकरांचीच मानली जाते. 21 ऑगस्ट 1931 रोजी मिरजेतच त्यांनी देह ठेवला. ज्या गावानं हात दिला, त्याच गावात शेवट झाला. त्याच वर्षी शिष्यांनी मंडळ स्थापन करून काम पुढं नेलं.

आता राजाच्या मर्जीची गरज नाही

मंडळी, विष्णूला वाट मिळाली ती योगायोगानं. डॉक्टर चांगला भेटला, राजा चांगला भेटला. आज ते कायद्यात आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 नुसार सरकारी व अनुदानित कॉलेजात 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्यांसाठी किमान 5 टक्के जागा राखीव आहेत आणि प्रवेशाच्या वयात 5 वर्षांची सूट आहे. ज्याला लिहायला अडचण आहे, त्याला परीक्षेत लेखनिक मिळू शकतो आणि तासाला किमान 20 मिनिटं जादा. म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास.

मात्र हे आपोआप होत नाही. युडीआयडी कार्ड आधी काढून ठेवा. अर्ज मोबाईलवरनं होतो, तपासणी सरकारी रुग्णालयात. प्रवेश घेतानाच कॉलेजला लेखी कळवा. लेखनिकाचा अर्ज परीक्षेच्या तोंडावर नको, फॉर्म भरतानाच द्या. वर्ग वरच्या मजल्यावर असेल तर खाली घ्या म्हणून सांगा. हे मागायला लाजायचं कारण नाही. आणि आपल्या हातातल्या अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये टॉकबॅक आहे, तो पडद्यावरचं मराठी वाचून दाखवतो.

एक गोष्ट मात्र बदलली आहे. विष्णूच्या काळी डोळे गेले की गाणं किंवा कीर्तन, एवढीच वाट होती. आज अंध पोरगी वकील होते, प्राध्यापक होते, बँकेत काम करते. म्हणून दिसत नाही, आता पेटीच शिकव, असं घरच्यांनी परस्पर ठरवू नये. गाणं आवडलं तर जरूर शिकावं. पण आधी पोराला विचारावं, तुला काय व्हायचंय? मग त्याला लागेल ती सोय मागायला कॉलेजच्या दारात आपण उभं राहावं.