नगरच्या टेकडीवर स्विस चित्रकर्तीने रंगवली होती एका जिवंत माणसाची समाधी

दौंडकडून रेल्वेने नगरला (आताचं अहिल्यानगर) येताना शहराच्या थोडं अलीकडे अरणगाव लागतं. तिथे रुळांच्या एका बाजूला टेकडी आहे आणि टेकडीवर घुमटाची एक छोटीशी इमारत. ही मेहेरबाबांची समाधी. दरवर्षी ३१ जानेवारीला, अमरतिथीला, इथे देशोदेशीचे हजारो लोक येतात, हे नगरकरांना वेगळं सांगायला नको.

पण दर्शनाला आत गेलं की भिंतींवर जी चित्रं दिसतात, ती कुणी काढली?

त्या बाईंचं नाव हेलन डाम. स्वित्झर्लंडच्या आधुनिक चित्रकलेत त्यांचं नाव मोठं आहे. आपल्याकडे मात्र नगर जिल्ह्याबाहेर सोडाच, नगरमध्येही ते फारसं ऐकू येत नाही.

हेलन यांचा जन्म २१ मे १८७८ चा, स्वित्झर्लंड-जर्मनी सीमेवरच्या क्रॉयत्सलिंगेनचा. चित्रकार व्हायचं त्यांनी ठरवलं खरं, पण तो काळ बायकांसाठी सोपा नव्हता. १९०६ मध्ये त्या म्युनिकला गेल्या तेव्हा तिथल्या सरकारी कला अकादमीत मुलींना प्रवेशच नव्हता. शिकायचं तर बायकांसाठीच्या वेगळ्या खासगी शाळेत शिकायचं. सोबत होती त्यांची चित्रकार मैत्रीण एल्से श्ट्रान्त्स.

शाळेपेक्षा शहरानेच त्यांना जास्त शिकवलं असं म्हणायला हरकत नाही. कारण म्युनिकमध्ये तेव्हा कांडिन्स्की, गाब्रिएले म्युन्टर, फ्रान्झ मार्क ही मंडळी चित्रकलेची जुनी घडी विस्कटत होती. १९११ मध्ये त्यांचा 'निळा घोडेस्वार' नावाचा गट उभा राहिला, जो आज कलेच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतो. या लोकांना बव्हेरियातल्या खेडुतांच्या काचचित्रांचं वेड होतं. आपल्याकडच्या जुन्या देवघरांत असायची तशीच ही चित्रं, काचेच्या मागच्या बाजूने रंगवलेली. यात सगळा उलटा कारभार. कागदावर आपण शेवटी काढतो ते डोळे, दागिने इथे आधी काढायचे आणि पार्श्वभूमी सगळ्यात शेवटी भरायची. चूक झाली तर झाकायला जागा नाही. हेलन यांनी ही कला उचलली. लाकडी ठोकळ्यावर कोरून चित्र छापायचं तंत्रही त्यांनी आपलंसं केलं.

१९१३ मध्ये त्या झ्युरिकला परतल्या आणि १९१९ मध्ये एल्सेसोबत जवळच्या ओटविल आम झे या खेड्यात राहायला गेल्या. बाग, झाडंझुडपं, फुलं, जनावरं. अंगणात जे दिसेल ते चित्रात यायचं. पैसा जेमतेम होता, नावही तेवढंच. १९३०च्या दशकात एल्से आणि त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

आणि मग १९३८ साल उजाडलं. हेलन साठीच्या झाल्या होत्या. या वयात त्यांनी ओटविलचा संसार आवरला आणि थेट नगर गाठलं!

झ्युरिकमध्ये मेहेरबाबांचे अनुयायी होते. बाबा म्हणजे पुण्यात १८९४ साली जन्मलेले मेरवान शेरियार इराणी. १० जुलै १९२५ पासून त्यांनी मौन धरलं होतं, ते शेवटपर्यंत सोडलं नाही. हेलन आल्या तेव्हा ते एका पाटीवरच्या अक्षरांवर बोट ठेवत संवाद साधायचे. त्यांचा आश्रम, मेहेराबाद, पहिल्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या जागेवर उभा राहिला होता. युरोप-अमेरिकेतल्या अनेक बायका तेव्हा तिथल्या टेकडीवर राहत होत्या.

त्याच वर्षी टेकडीवरच्या समाधीवर घुमट चढला. बाबा तेव्हा अवघे ४४ वर्षांचे होते, म्हणजे ज्यांची समाधी ते समोर हिंडत-फिरत होते. आतल्या भिंती रंगवायचं काम हेलन यांच्याकडे आलं.

काम सोपं नव्हतं. जागा अगदी लहान, वर घुमटाचा गोलावा. घरच्या स्टुडिओत एखादं चित्र फसलं तर बाजूला ठेवून दुसरं घेता येतं, भिंतीची तशी सोय नाही. आयुष्यभर छोट्या काचा आणि ठोकळ्यांवर काम केलेल्या बाईंनी इथे माणसांच्या आकृतींनी भिंती भरून टाकल्या. मला यात विशेष वाटतं ते हे की काच असो वा भिंत, एकदा उमटलं की परत फिरायचं नाही, ही सवय त्यांच्या हाताला म्युनिकपासूनच होती.

नगर मात्र त्यांना मानवलं नाही. त्या गंभीर आजारी पडल्या आणि १९३९ मध्ये परत गेल्या. सगळं मागे टाकून निघालेली बाई वर्षभरात पुन्हा त्याच ओटविलमध्ये! युरोपात महायुद्धाला तोंड फुटलं, तेही त्याच वर्षी. लोकांना वाटलं असेल, संपलं आता.

पण भारतात पाहिलेलं पुढे त्यांच्या चित्रांत उतरत राहिलं. १९५४ मध्ये, वयाच्या ७६ व्या वर्षी, त्यांना झ्युरिक शहराचा कला पुरस्कार मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. गंमत बघा, ज्या देशाने हा मान दिला, त्या देशात बायकांना राष्ट्रीय निवडणुकीत मतदानाचा हक्क मिळाला १९७१ मध्ये. हेलन यांच्या वाट्याला तो कधी आलाच नाही.

पुरस्कारानंतर एखाद्याने निवांत फुलं रंगवली असती. या बाई ऐंशीच्या घरात अमूर्त चित्रांकडे वळल्या आणि नवनवे प्रयोग करत राहिल्या. २०१८ मध्ये थुर्गाऊच्या कला संग्रहालयाने त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं.

२४ मे १९६८ रोजी, नव्वदी पूर्ण करून तीनच दिवस झाले असताना, हेलन गेल्या. त्यांनी रंगवलेली खोली तोवर रिकामीच होती. आठ महिन्यांनी, ३१ जानेवारी १९६९ रोजी, नगरजवळच्याच मेहेराझादमध्ये बाबांनी देह ठेवला. त्यांचा देह टेकडीवर आणून सात दिवस त्याच चित्रांच्या मधोमध दर्शनासाठी ठेवला होता. ७ फेब्रुवारीला समाधी बंद झाली.