प्रार्थनेमागचे नाव : वसंत देसाई

सकाळची घंटा होते, मुले रांगेत उभी राहतात आणि प्रार्थना सुरू होते. ‘दो आँखें बारह हाथ’मधील कैद्यांची प्रार्थना असो वा ‘गुड्डी’तील विद्यार्थिनींची, चित्रपटाच्या पडद्यावरून उतरून या दोन्ही रचना शाळाशाळांतून रुजल्या. त्या म्हणणाऱ्या मुलांना चित्रपट ठाऊक नसतो आणि संगीतकाराचे नाव तर त्याहूनही नसते. दोन्ही चाली वसंत देसाई यांच्या. रागसंगीताच्या आधारावर उभे राहिलेले दोन मोठे संगीतप्रधान हिंदी चित्रपट ज्याच्या नावावर आहेत, त्या संगीतकाराची सर्वांत टिकाऊ रचना कोणालाही म्हणता येईल इतकी साधी असावी, हा योगायोग नव्हे. त्याची मुळे त्यांच्या घडणीत आहेत.

वसंत देसाई यांचा जन्म ९ जून १९१२ रोजी तत्कालीन सावंतवाडी संस्थानातील सोनवडे गावी झाला. गोव्याच्या पेडण्यापर्यंत ज्या दशावताराचे सूर पोहोचतात, तोच हा मुलूख. जत्रेच्या रात्री देवळासमोर पेटी, मृदंग आणि झांजेच्या साथीने उभे राहणारे नाटक, भजनी मंडळांचा गजर, कीर्तनाची रंगलेली बैठक, हे येथल्या मुलाचे पहिले संगीतशिक्षण. या संगीतात गाणारा आणि ऐकणारा यांच्यात फारसे अंतर नसते. बुवांनी सुरुवात करावी आणि सगळ्या गावाने झेलावे, अशी ही रीत. समूहाच्या गळ्याचा हा संस्कार देसाई यांच्या कामात अखेरपर्यंत टिकला.

१९२९ मध्ये कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली आणि लवकरच हा तरुण तेथे दाखल झाला. पडेल ते काम करण्याची तयारी हेच त्याचे भांडवल. मूकपटात त्याने भूमिका केल्या, ‘अयोध्येचा राजा’ या १९३२ च्या बोलपटात तो गायलाही. मात्र खरा लाभ झाला तो संगीत विभागात. गोविंदराव टेंबे, केशवराव भोळे आणि मास्टर कृष्णराव या तिघांचे काम त्याला जवळून पाहता आले. टेंबे आणि कृष्णराव यांच्यामागे भास्करबुवा बखल्यांची गायकी आणि गंधर्व परंपरेचे नाट्यसंगीत होते. भोळे यांनी शब्दाच्या भावाला आणि प्रसंगाला महत्त्व देणारी नवी दृष्टी आणली होती. राग कसा राखावा हे एकीकडे आणि तो प्रसंगासाठी किती आवरावा हे दुसरीकडे, असे दुहेरी शिक्षण देसाई यांना मिळाले.

व्ही. शांताराम यांनी प्रभात सोडून १९४२ मध्ये मुंबईत राजकमल कलामंदिर उभारले, तेव्हा देसाई त्यांच्यासोबत गेले. १९४३ च्या ‘शकुंतला’पासून राजकमलचे आणि त्यांचे नाव जोडले गेले. ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’, ‘दहेज’ असे हिंदी चित्रपट एका बाजूला आणि ‘लोकशाहीर राम जोशी’, ‘अमर भूपाळी’ असे मराठी चित्रपट दुसऱ्या बाजूला. शाहिरांच्या जीवनावरील या दोन चित्रपटांत लावणी, पोवाडा आणि भूपाळी यांचा बाज जपूनही त्यांनी गाणी सर्वसामान्य श्रोत्यांपर्यंत नेली. लता मंगेशकर आणि पंडितराव नगरकर यांच्या आवाजातील ‘अमर भूपाळी’तले पहाटगीत आजही मराठी घरांतून ऐकू येते. आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’चे संगीतही त्यांचेच. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळवणारा हा चित्रपट.

१९५५ च्या ‘झनक झनक पायल बाजे’ने त्यांना देशभर कीर्ती दिली. नृत्य हाच विषय असलेल्या या चित्रपटाच्या शीर्षकगीतासाठी त्यांनी उस्ताद अमीर खाँ यांना पाचारण केले आणि अडाण्याच्या सुरांनी चित्रपटाचे दार उघडले. चार वर्षांनी विजय भट्ट यांच्या ‘गूँज उठी शहनाई’त उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांची सनई कथेचा प्राण ठरली. मोठ्या कलावंतांना चित्रपटात आणताना त्यांची कला चिरफाळू द्यायची नाही आणि चित्रपटाची गतीही अडवायची नाही, ही अवघड कसरत देसाई यांनी साधली. या दोन शिखरांच्या मधोमध १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ची ती प्रार्थना आली. भरत व्यास यांच्या शब्दांना त्यांनी अलंकरणाचा भार दिला नाही. गुन्हेगारांच्या तोंडी शोभावे, इतके ते सूर निरलंकार ठेवले.

कीर्तीच्या याच काळात परिस्थिती पालटली. ‘नवरंग’ हा संगीतप्रधान चित्रपट शांताराम यांनी सी. रामचंद्र यांच्याकडे सोपवला. हिंदी चित्रपटांत पाश्चात्त्य ठेक्यांची मागणी वाढत होती. देसाई यांनी आपली वाट बदलली नाही. मोठ्या चित्रपटांची संख्या घटली, तरी काम थांबले नाही. विद्याधर गोखले यांच्या ‘पंडितराज जगन्नाथ’ या नाटकाला त्यांनी संगीत दिले. त्यातील गंगास्तवनाचे पद गोमंतकीय गायकनट प्रसाद सावकार यांच्या कंठातून रसिकांच्या मनात कायमचे ठसले. १९६६ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघात एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी कांचीच्या शंकराचार्यांचे संस्कृत विश्वमैत्रीगीत गायले, त्याची स्वररचनाही देसाई यांची. सिंधुदुर्गाच्या खेड्यातील या संगीतकाराचा सूर कर्नाटक संगीताच्या सम्राज्ञीच्या मुखातून जगाच्या व्यासपीठावर पोहोचला.

नव्या गळ्यांवरही त्यांनी विश्वास टाकला. कुमार गंधर्व यांच्यासोबत मराठी द्वंद्वगीतासाठी त्यांनी वाणी जयराम यांना निवडले. १९७१ च्या ‘गुड्डी’त त्याच गायिकेला मियाँ मल्हारावर आधारित गीत आणि शाळेची प्रार्थना दिली. दक्षिणेतून आलेल्या या आवाजाची हिंदी चित्रपटसृष्टीला ओळख झाली ती येथे. दोनच वर्षांनी गुलजार यांच्या ‘अचानक’ या एकही गीत नसलेल्या चित्रपटाला त्यांनी पार्श्वसंगीत दिले. गाण्यावाचूनही संगीतकार बोलू शकतो, हे त्यातून दिसले.

याच उत्तरकाळात त्यांनी शाळकरी मुलांच्या समूहगानाचे काम मनापासून केले. हजारो मुलांना एका सुरात गाण्यास शिकवायचे, तर चाल सोपी हवी, श्वासाला जागा हवी आणि शब्द स्वच्छ उमटायला हवेत. सोनवड्याच्या भजनात हेच तर होते. रागदारीच्या मैफलीतून ते पुन्हा गावगजराकडे वळले होते.

२२ डिसेंबर १९७५ रोजी मुंबईत राहत्या इमारतीतील लिफ्टच्या अपघातात त्यांचे निधन झाले. वय अवघे त्रेसष्ट. स्वरांचा हिशेब चोख ठेवणाऱ्या कलावंताचा शेवट असा अकस्मात व्हावा, याची हळहळ संगीतविश्वाला दीर्घकाळ राहिली.

प्रसिद्धीच्या मोजमापात वसंत देसाई यांचे नाव समकालीनांच्या मागे पडले, हे खरे. परंतु गाणे लोकांचे झाले की कर्त्याचे नाव मागे सरते. ओव्या, आरत्या, भूपाळ्या यांचेही तसेच झाले. उद्या सकाळी कुठल्यातरी शाळेत मुले हात जोडून उभी राहतील आणि न शिकवताच त्यांच्या ओठी ती चाल येईल. त्या सुरामागे सोनवड्याच्या एका मुलाचे नाव आहे, एवढे त्यांना कोणीतरी सांगायला हवे.