रामानुजन : संख्यांकडून स्पंदनांकडे

श्रीनिवास रामानुजन यांचा जन्म २२ डिसेंबर १८८७ रोजी इरोड येथे झाला. त्यांचे बालपण तमिळनाडूतीलच कुंभकोणम या गावी गेले. वडील कापडाच्या दुकानात कारकून होते. महाविद्यालयात रामानुजन यांना शिष्यवृत्ती मिळाली. परंतु गणिताच्या ध्यासात इतर विषयांकडे दुर्लक्ष झाले. ते अनुत्तीर्ण झाले आणि शिष्यवृत्ती गेली. तरीही त्यांनी गणिताची साधना सोडली नाही. १९१३ साली त्यांनी केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना आपली सूत्रे पाठवली. १९१४ मध्ये ते इंग्लंडला गेले.

१९१८ साली त्यांनी विशिष्ट त्रिकोणमितीय बेरजांवर निबंध प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. २६ एप्रिल १९२० रोजी, अवघ्या ३२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

ठरावीक अंतराने पुन्हा घडणारी गोष्ट या बेरजांनी ओळखता येते. हृदयाच्या ईसीजी आलेखातही लहरी पुनःपुन्हा येतात. काही रुग्णांत त्यांतील एक लहर एकाआड एक ठोक्याला किंचित बदलते. हा सूक्ष्म बदल प्राणघातक विकाराची पूर्वसूचना ठरू शकतो. २००८ साली इटलीतील संशोधकांनी तो शोधण्यासाठी रामानुजन यांच्या बेरजा वापरल्या. कुंभकोणमच्या अनुत्तीर्ण विद्यार्थ्याचे गणित नव्वद वर्षांनी हृदयाच्या अभ्यासास उपयोगी पडले.