रमाबाईंना डॉक्टर व्हायचे होते

पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८चा. दुष्काळात आईवडील गेले. भावासोबत पुराणे सांगत, पायी देश फिरत त्या १८७८मध्ये कोलकात्याला पोहोचल्या; तिथल्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ म्हणून गौरवले. १८८२मध्ये पती कॉलऱ्याने वारले. लहानग्या मनोरमेला घेऊन त्या पुण्यात आल्या. त्याच वर्षी हंटर आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली: बायका पुरुष डॉक्टरांना दुखणे सांगत नाहीत आणि त्यात जीव गमावतात, म्हणून स्त्री डॉक्टर हव्यात.

मग स्वतःच डॉक्टर व्हायचे ठरवून १८८३मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. पण कानांनी साथ दिली नाही. ऐकू येणे कमी होत गेले आणि वैद्यकीचे शिक्षण राहिले. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या स्वतः शिकल्या, संस्कृतही शिकवू लागल्या. मार्च १८८६मध्ये भिवंडीशेजारच्या कल्याणचे माहेर असलेल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, त्या समारंभाला रमाबाई आवर्जून गेल्या. पुढे १८८९मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले, नंतर केडगावला मुक्ती सदन उभारले. १९२२मध्ये त्यांचे निधन झाले.

बहिरेपणाची कारणे अनेक. त्यातले टाळता येण्याजोगे एक म्हणजे कानाची दाह-सूज. सर्दीतला संसर्ग नाकामागच्या नळीतून मधल्या कानात जातो. मुलांमध्ये ही नळी आखूड आणि आडवी असल्याने त्यांचे कान वरचेवर दुखतात. पू साचून पडदा फुटला की ठणका थांबतो. पण दुखणे थांबले म्हणजे आजार बरा झाला, असे नव्हे. वाहता कान दुर्लक्षित राहिला तर ऐकू येणे कायमचे कमी होऊ शकते.

कान दोन-तीन दिवसांत दुखायचा थांबला नाही, ताप चढला, पू किंवा रक्त आले, ऐकू कमी येऊ लागले, तर डॉक्टरांना दाखवावे. सहा महिन्यांखालच्या बाळाला आणि मधुमेह असलेल्यांना थांबू नये. कानामागे सूज, तोंड वाकडे होणे, भोवळ, मान ताठणे किंवा अचानक ऐकू न येणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. कानात तेल, लसणाचा रस, काडी किंवा पिन घालू नये.

भिवंडीत यंत्रमागाच्या खडखडाटात ऐकू कमी येणे अंगवळणी पडते. दोष मागाचा की कानातल्या पुवाचा, हे तपासणीतच कळते. रमाबाईंच्या काळात प्रतिजैविके नव्हती, आज आहेत.