देशोदेशी भाषा शिकलेले धर्मानंद कोसंबी



बीड, गेवराई, माजलगाव, केज या भागांत आपली मुले-मुली आता बी. ए. होतात. पुढे काय म्हटले की बी. एड., पोलीस भरती, तलाठ्याची परीक्षा ही नावे चटकन निघतात. पण एखाद्या मुलीने पालीत किंवा परदेशी भाषेत एम. ए. करायचे म्हटले, की घर गप्प होते. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कारखान्यावर जाणाऱ्या आई-बापाला भाषेची पदवी परवडेल काय, ही काळजी खोटी नाही. म्हणूनच धर्मानंद कोसंबी यांचे चरित्र तुम्ही नीट समजून घ्या आणि वंदनेनंतर विहारात मुलांनाही सांगा.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यात साखवाळ येथे झाला. शाळा थोडीच झाली आणि पुढे घरच्या नारळीच्या बागा सांभाळाव्या लागल्या. मराठी मासिकात बुद्धचरित्र वाचनात आले आणि या महापुरुषाचा धम्म मुळातून जाणून घ्यावा, असे त्यांच्या मनाने घेतले. पण शिकवणार कोण? बुद्धाच्या जन्मभूमीत पाली शिकवणारा गुरू मिळणे दुर्मीळ झाले होते. १८९९ च्या अखेरीस ते घराबाहेर पडले. प्रथम पुणे, मग काशी. काशीत अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृतचा अभ्यास केला. तेथून ते नेपाळला गेले, पण हवे ते तेथे मिळाले नाही. १९०२ साली सिंहलद्वीपात, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगलाचार्यांच्या हाताखाली त्यांचा पालीचा खरा अभ्यास सुरू झाला. तेथेच ते श्रामणेर झाले. पुढे ब्रह्मदेशातही राहिले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. पालीला स्वतःची अशी एक लिपी नाही. सिंहलद्वीपात ती सिंहली लिपीत लिहितात, ब्रह्मदेशात ब्रह्मी लोकांच्या लिपीत, सयामात सयामी लिपीत, युरोपात रोमन लिपीत. त्रिपिटक वाचायचे तर ज्या देशांनी ते जपले त्या देशांची अक्षरे आणि त्या लोकांची राहणी समजून घ्यावी लागते. धर्मानंदांनी ती तेथील भिक्खूंमध्ये राहून समजून घेतली. आज विद्यापीठात भाषा आणि संस्कृती यांचा अभ्यास एकत्र करतात, त्याचे मर्म हेच आहे.

१९०६ साली ते कलकत्त्यात पाली शिकवू लागले. नोकरी चांगली होती. पण आपले ज्ञान आपल्या माणसांना मराठीत मिळावे, ही तळमळ त्यांना स्वस्थ बसू देईना. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी महिना ५० रुपये देऊ केले. महाराष्ट्रातील शहरात राहावे आणि पुस्तके लिहावीत, एवढीच अट. धर्मानंदांनी कलकत्ता सोडले. त्यातूनच 'बुद्ध, धर्म आणि संघ' हे पुस्तक १९१० साली मराठीत आले.

त्याच वर्षी त्यांना अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे बोलावणे आले. बुद्धघोषाच्या 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या संपादनाचे काम तेथे अपुरे पडले होते. ज्यांच्याजवळ एकही पदवी नाही, त्यांना हार्वर्डने सन्मानाने बोलावले! पण काम सोपे नव्हते. श्रेय कोणाचे, यावरून तेथील प्राध्यापक लॅनमन यांच्याशी मतभेद झाले आणि १९१२ च्या आरंभी ते परत आले. तरी काम सोडले नाही. त्यासाठी ते आणखी तीन वेळा अमेरिकेला गेले. १९२९ साली रशियात लेनिनग्राडलाही जाऊन आले. हार्वर्डचा तो ग्रंथ छापून निघाला १९५० साली. तेव्हा धर्मानंद हयात नव्हते. ४ जून १९४७ रोजी सेवाग्रामला त्यांचे निधन झाले होते.

मधल्या काळात, १९१२ ते १९१८, त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली. त्यांचे विद्यार्थी पु. वि. बापट पुढे स्वतः हार्वर्डला जाऊन डॉक्टर झाले. परळच्या गिरणगावात धर्मानंदांनी बहुजन विहार उभा केला.

भाषा शिकून काय मिळते, असे कोणी विचारले तर त्यांच्या 'भगवान बुद्ध' या ग्रंथाकडे बोट दाखवा. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. धर्मानंदांनी जुनी पाली सुत्ते तपासली आणि ती कथा मागाहूनची ठरवली. आप्तांनी एकमेकांवर शस्त्रे उगारलेली पाहून सिद्धार्थाला उद्वेग आला, याकडे त्यांनी लक्ष वेधले. बाबासाहेबांच्या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या धम्मग्रंथातही ती जुनी कथा नाकारली आहे आणि शाक्य-कोलियांच्या रोहिणी नदीच्या पाण्यावरील तंट्याला महत्त्व दिले आहे. मूळ भाषा येत नसेल तर दुसऱ्याने सांगितलेलीच कथा आपण आपल्या लेकरांना सांगत राहणार.

या चरित्राच्या दोन बाजू झाकून ठेवू नयेत. धर्मानंद घराबाहेर पडले तेव्हा त्यांची पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी माणिक मागे राहिल्या. त्यांच्या विद्येची किंमत त्या घरानेही मोजली. पुढे १९१८ साली त्यांनी माणिक व दामोदर या मुलांना शिक्षणासाठी अमेरिकेला नेले. दुसरी बाजू आपल्या अधिक जवळची आहे. काशीचे अन्नछत्र आणि संस्कृतची पाठशाळा धर्मानंदांना उघडी होती, कारण ते जन्माने ब्राह्मण होते. आपल्या आजोबा-पणजोबांना त्या दारात उभेही राहता आले नसते. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत नाकारले गेले आणि फारशी घ्यावी लागली. पुढे ते संस्कृत स्वतःच्या कष्टाने शिकले, पालीचाही त्यांनी मोठा अभ्यास केला. तेही सयाजीरावांच्याच साहाय्याने १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले.

आता दार उघडे आहे. बाबासाहेबांनी १९५० साली मराठवाड्यात कॉलेज काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. बीड जिल्हा ज्या विद्यापीठाखाली येतो त्याला आज बाबासाहेबांचेच नाव आहे आणि तेथे पाली व बौद्ध विद्येचा विभाग आहे. परदेशी शिकायला अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची सरकारी शिष्यवृत्ती आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मराठीबरोबर पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला.

तेव्हा मुलीने भाषा शिकते म्हटले तर गप्प बसू नका. खर्चाचा हिशेब तिच्यासमोर मांडा, शिष्यवृत्तीचे अर्ज कधी निघतात याची चौकशी करा, जातीचा दाखला वेळेवर काढून ठेवा. आणि तिच्याकडून एकच वचन घ्या: जे शिकशील ते आपल्या वस्तीत, आपल्या मराठीत येऊन सांगशील.